तिखटाची कडी आतून

जुलै २०२४ मध्ये तोक्योतल्या एका हायस्कूलमधून चौदा मुलांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. कारण काय, तर कुणीतरी शाळेत आणलेले करीच्या स्वादाचे बटाटा वेफर्स. अठरा वर्षांखालच्यांनी हे खाऊ नयेत अशी कंपनीचीच ताकीद होती. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना एखादी गोष्ट खायला लावायची असेल तर याहून नामी जाहिरात सापडणार नाही. तीसेक जणांनी मधल्या सुट्टीत ते तोंडात टाकले. काहींना मळमळायला लागलं, काहींच्या तोंडाभोवती आग आग झाली. सुदैवाने कुणाच्या जिवावर बेतलं नाही.

ही बातमी वाचून आपल्याकडे मिशीतल्या मिशीत हसणारे मला बरेच भेटले. जपान्यांना काय झेपतंय तिखट! त्यांना सांगायला हवं की त्या वेफर्सवर भुरभुरलेली मिरची आपल्याच ईशान्य भारतातली भूत जोलोकिया होती. २००७ मध्ये गिनीज बुकाने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं, तेव्हा तिचा आकडा दहा लाख स्कोव्हिलच्या वर भरला होता. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही मोजणी काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखटपणा कळेनासा झाला की थांबायचं. दहा लाख म्हणजे दहा लाख पट पातळ केल्यावर. (आता हे काम यंत्रं करतात. चाखणाऱ्यांच्या जिभा सुटल्या.) शुद्ध कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारा रेणू, याच मापाने १ कोटी ६० लाखांवर जातो.

जपानी करी मुळात तिखट पदार्थ नाही. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ती ब्रिटिशांकडून तिकडे गेली, त्यामुळे तिचा आपल्या रश्शाशी संबंध चुलत-चुलत भावंडाइतकाच. तुपातेलात परतलेला मैदा, त्यात करी पावडर, शिजून विरघळलेला कांदा, गाजर, बटाटा आणि बऱ्याचदा चक्क सफरचंद. १९६३ साली बाजारात आलेली ‘व्हर्मॉंट करी’ ही घराघरांतली वडी तर सफरचंद आणि मध यांच्याच नावावर खपली. जपानमध्ये आश्रय घेतलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना हा प्रकार अजिबात मानवत नव्हता. त्यांचे सासरे तोक्योतल्या शिंजुकूमधल्या ‘नाकामुराया’ या बेकरीचे मालक. तिथे १९२७ मध्ये बोसांच्या आग्रहाने भारतीय पद्धतीची करी सुरू झाली आणि ती आजही मिळते. पण देशभर पसरली ती घट्ट, तपकिरी, गोडसरच.

तिला तिखट करायचं ते गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार. १९७८ साली नागोयाजवळ सुरू झालेल्या ‘कोको इचिबान्या’ या साखळीने तिखटाच्या चढत्या पायऱ्याच लावून दिल्या. पाचवी खाल्लेली असेल तरच सहावी मागवा, असा तिथला दंडक. मी पाचवीवरच थांबलो आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. ताटलीत एका बाजूला चिकट भात, दुसऱ्या बाजूला करी, वर कापलेला कात्सू (पावाचा चुरा लावून तळलेलं मांस) आणि कडेला ‘फुकुजिनझुके’ नावाचं लालसर लोणचं. पहिला चमचा गोड लागला. दुसराही गोडच. ‘हे एवढंच?’ असं मनात येतंय तोवर जिभेच्या कडा तापायला लागल्या, मग टाळू, मग ओठ. चौथ्या चमच्याला कपाळावर घामाचे थेंब होते आणि पाण्याच्या जगमधला बर्फ खुळखुळत होता.

आग उशिरा का लागते? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, तेव्हा जरा तपशिलात जाऊ.

गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी जिभेवरच्या स्वादकलिकांना कळतात. तिखट त्या यादीत नाही. ते कळतं वेदना आणि उष्णता यांची खबर नेणाऱ्या मज्जातंतूंना. त्यांच्या पेशीपटलात एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-१. हे आयनांसाठीचं, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांसाठीचं, दार आहे असं समजा. एरवी बंद असतं. तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात आणि मेंदूला निरोप जातो: भाजतंय. कॅप्सेसिन हेच दार तापमान न वाढताच उघडतं. मेंदूला खरी आग आणि खोटी आग यांतला फरक कळायला मार्ग नाही, म्हणून तो शरीर थंड करायला घाम सोडतो. जीभ प्रत्यक्षात भाजलेली नसते आणि स्वादकलिकाही ‘जळून’ गेलेल्या नसतात.

अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं ते मिरचीचाच गळ टाकून. वेदना जाणवणाऱ्या चेतापेशींमधली जनुकं त्यांनी, एरवी कॅप्सेसिनला दाद न देणाऱ्या पेशींमध्ये घातली, वर कॅप्सेसिन ओतलं आणि कोणत्या पेशींत कॅल्शियम उसळतं ते चमकणाऱ्या रंगद्रव्याने पाहिलं. चमकणाऱ्या पेशींतून मागे मागे जात एक जनुक हाती लागलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर मिळालं.

आता खरी गंमत. या दाराची कडी आतून आहे. कॅप्सेसिन ज्या खाचेत बसतं ती पेशीच्या बाहेरच्या अंगाला नाही. बाहेरून आलेल्या रेणूला आधी पेशीपटल ओलांडावं लागतं. ते कशाने सिद्ध झालं? कॅप्सेसिनसारखाच, पण विद्युतभार असलेला एक रेणू घेतला. भारित रेणूला पेशीच्या तेलकट आवरणातून जाता येत नाही. तो बाहेरून लावला तर दार हलेना, आतून सोडला तर लगेच उघडलं. २०१३ मध्ये यिफान चेंग आणि ज्युलियस यांच्या गटांनी गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून या प्रथिनाची जवळजवळ अणूंपर्यंतची रचना मिळवली. चार सारखे घटक, प्रत्येकाची साखळी सहा वेळा पटल ओलांडणारी. खाच आहे तिसरा आणि चौथा पट्टा आणि चौथ्या-पाचव्याला जोडणारा दुवा यांच्या मध्ये. कॅप्सेसिन त्यात डोकं खाली, शेपूट वर असं बसतं. शेपूट तेलकट, त्यामुळे वरच्या पट्ट्यांमध्ये रमते. डोकं त्या दुव्याला धरून ओढतं आणि मधला मार्ग मोकळा होतो. ५११ व्या जागेवरचं टायरोसिन हे अमिनो आम्ल त्याला आत अडकवून ठेवतं. आणि ही खाच एरवी रिकामी नसते! पेशीपटलातलाच एक मेद-रेणू तिथे ठाण मांडून बसलेला असतो. कॅप्सेसिनला आधी त्याला हुसकावं लागतं. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर हरकत नाही, कडी आतून आहे एवढं धरून पुढे चला.)

तर मिरचीचा रेणू आधी अन्नातून सुटणार, लाळेतून जिभेवर येणार, त्वचेचे थर ओलांडून मज्जातंतूच्या टोकाशी पोचणार, पेशीपटलात शिरणार आणि मग कडी काढणार. शिवाय जपानी करीत मैदा आणि चरबी भरपूर. कॅप्सेसिन पाण्यापेक्षा तेलात सुखाने राहतं, त्यामुळे चरबीतून बाहेर यायला वेळ घेतं. साखर आग थोडी दाबते. आणि घट्ट करी जिभेला लेपासारखी चिकटून राहते, पुरवठा चालूच. पाणचट तिखट रस्सा तोंडात घेताक्षणी धमकी देतो. ही करी आधी गोड बोलते.

त्यातून ती वाफाळती असते. उष्णता आणि कॅप्सेसिन एकाच दाराला भिडतात आणि एकमेकांचं काम सोपं करतात. कॅप्सेसिन हजर असलं की दार ४३ अंशांची वाट पाहत नाही, तोंडातलं नेहमीचं तापमानही पुरतं. म्हणून तिखट खाल्ल्यावर घोटभर चहाही पोळतो, आणि बर्फाचं पाणी तोंडात आहे तोवरच बरं वाटतं.

जपानी माणसाला तिखट झेपत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा वासाबीची हिरवी चटणी चमचाभर खाऊन पाहावी. तिथला रेणू वेगळा, आपल्या फेसलेल्या मोहरीतला, आणि दारही वेगळं: टीआरपीए-१. तो रेणू उडून जाणारा असल्याने थेट नाकात चढतो आणि थोड्याच वेळात उतरतो. कॅप्सेसिन असं सहजी उडत नाही.

इथे दृष्ट काढण्याबद्दल बोललंच पाहिजे. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या आणि ठसका लागला नाही तर ‘बघा, केवढी दृष्ट लागली होती!’ असं म्हणायचं. मिरची निखाऱ्यावर धुमसली तर कॅप्सेसिन धुराच्या बारीक कणांवर बसून घशात जातं आणि घरभर खकाणा होतो. भडकत्या जाळात पडली तर ते जळून संपतं, वर धूर धुराड्यातून निघून जातो. दृष्ट किती लागली होती हे चूल किती पेटली होती त्यावर ठरतं.

सवयीचं काय? दार उघडून आत आलेलं कॅल्शियमच थोड्या वेळाने दाराला मंद करतं. मिरची वारंवार मिळत राहिली तर मज्जातंतू तिला कमी दाद देतात. मोठ्या मात्रेने तर त्यांची टोकं काही काळ मागेही सरतात. हंगेरीत, म्हणजे पाप्रिकाच्या देशात, मिक्लोश यान्चो यांनी हा बधिरपणा १९४० च्या दशकात प्राण्यांवर दाखवला होता. आज ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी नागिणीनंतरच्या वेदनांवर वापरतात ती याच गुणामुळे. सवय मोडली की ही सहनशक्ती ओसरते. तेव्हा कोल्हापूरच्या तांबड्या रश्शावर पोसलेल्या जिभेचा अभिमान खुशाल बाळगावा, पण तो रक्तात कमी, रोजच्या जेवणात जास्त आहे. आणि मिरची भारतात आणली पोर्तुगीजांनी; त्याआधी आपले पूर्वज मिरीवर भागवत होते.

राहिला प्रश्न वर काय प्यायचं याचा. पाण्याचं सांगून झालं. बिअर मागवणारे फसतात: कॅप्सेसिन विरघळवण्याइतका तिच्यात अल्कोहोल नसतो आणि अल्कोहोल स्वतःच हे दार उघडायचं तापमान खाली आणतो. दुधाचा उपयोग होतो. तो स्निग्धांशामुळे होतो असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात साय काढलेल्या दुधानेही सायीच्या दुधाइतकंच काम केलं. म्हणजे श्रेय बहुधा केसीन या प्रथिनाचं. जपानी करीच्या दुकानांत लस्सी मिळते, ती घ्यावी. मात्र केसीन पोटात पचून जातं, कॅप्सेसिन थोडंफार उरतं, आणि टीआरपीव्ही-१ पचनमार्गाच्या दोन्ही टोकांना आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची मीटिंग असेल तर तिसऱ्या पायरीच्या वर जाऊ नये.