दिवस चढतो तशी उतरणारी पापणी

सकाळी उठल्यावर सगळं ठीक. दुपार कलली की एक पापणी खाली येते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जेवणाचे शेवटचे घास चावताना जबडा थकतो. झोप झाली की पुन्हा माणूस ताजातवाना. सकाळच्या तपासणीत काहीच सापडत नाही आणि घरचे म्हणतात, 'टेन्शन घेऊ नकोस, सगळे मनाचे खेळ आहेत.' हे ऐकून घेणाऱ्या बाईची मला फार कीव येते, कारण कमी-जास्त होणारा अशक्तपणा हीच मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजाराची खूण आहे.

मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो, पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मधल्या अतिसूक्ष्म फटीत नसेचं टोक अ‍ॅसिटिलकोलीन सोडतं, हे निरोप नेणारं रसायन स्नायूवरच्या ग्राहक-प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि स्नायू आकुंचन पावतो. या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) ती ग्राहक-प्रथिनं नष्ट करतात. स्नायू सतत वापरला की दर खेपेला सुटणारं अ‍ॅसिटिलकोलीन थोडं थोडं घटतं. निरोगी माणसात ग्राहक मुबलक असल्याने ही घट जाणवत नाही. इथे मात्र हुकूम पोचेनासा होतो.

१९३४ मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टर काम करत होत्या. या रुग्णांची लक्षणं क्युरारे या विषाच्या बाधेसारखी दिसतात, मग क्युरारेवरचा उतारा इथे का चालू नये, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी एका रुग्णाला फायसोस्टिग्मीनचं इंजेक्शन दिलं आणि काही तासांपुरती का होईना, ताकद परत आली. हे औषध अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्यामुळे ते फटीत जास्त वेळ टिकतं. आज रुग्ण घेतात ती पायरिडोस्टिग्मीनची गोळी त्याच जातकुळीची.

नागाचं विषही याच ग्राहक-प्रथिनांवर जाऊन बसतं. म्हणून नागदंशात पापण्या मिटतात आणि प्रतिविषासोबत त्याच जातकुळीचं निओस्टिग्मीन आणि त्याचे दुष्परिणाम आवरणारं अ‍ॅट्रोपीन देतात. मण्यारचं विष मुख्यतः नसेच्या टोकावरच घाला घालतं, त्यामुळे तिथे या औषधाचा सहसा फारसा उपयोग होत नाही. मण्यारच्याच एका पूर्व आशियाई भावंडाच्या विषातल्या, ग्राहक-प्रथिनांना चिकटणाऱ्या घटकाला किरणोत्सारी खूण लावून १९७३ मध्ये रुग्णांच्या स्नायूंतली ग्राहक-प्रथिनं मोजली गेली, तेव्हा ती फार कमी भरली.

अशक्तपणा आणणारा दुसरा आजार मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह, मायस्थेनियाहून वेगळा. त्यात बिघाड खुद्द स्नायूत असतो. मांड्या आणि खांदे दुबळे होतात. खाली बसलेलं उठवत नाही, केस विंचरताना हात वर राहत नाहीत. हा अशक्तपणा तासातासाला बदलत नाही, आठवड्यांगणिक वाढत जातो, आणि रक्तात बहुधा सीपीके हे स्नायूंमधलं विकर वाढलेलं सापडतं.

मायस्थेनियाची एक तपासणी अगदी साधी आहे: उतरलेल्या पापणीवर दोनेक मिनिटं बर्फाची पिशवी ठेवायची. पापणी स्पष्ट वर आली तर संशय बळावतो. पक्क्या निदानासाठी प्रतिपिंडांची रक्ततपासणी आणि नसेला वारंवार विजेचे सौम्य झटके देऊन केलेली चाचणी असते. छातीतल्या थायमस ग्रंथीत गाठ नाही ना, हे सीटी स्कॅनवर पाहतात. गाठ नसली तरी काही रुग्णांना ती ग्रंथी काढल्याचा फायदा होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने हे दाखवलं.

निदान झालं असेल तर ते प्रत्येक डॉक्टरला, दाताच्या डॉक्टरलासुद्धा, आधी सांगा. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकं (अँटिबायोटिक्स), शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी त्रास एकदम वाढू शकतो. गिळताना ठसका लागू लागला किंवा आडवं झाल्यावर दम लागू लागला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा.