अ‍ॅटनबरो आडनावाची सगळी माणसं एकमेकांची कोण लागतात?

अ‍ॅटनबरो हे आडनाव आपल्याकडे पोचलं ते दोन भावांमुळे. थोरले रिचर्ड, ज्यांनी १९८२ साली गांधीजींवरचा तो मोठा सिनेमा केला, ज्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैयांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलंवहिलं. आणि धाकटे डेव्हिड, ज्यांचा आवाज ऐकत माझ्यासारख्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा पेंग्विन, गोरिला, व्हेल बघितले. त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की हे इंग्लंडमधलं एकदम कॉमन आडनाव असणार, आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं. तसं अजिबात नाहीये. खुद्द इंग्लंडमध्ये हे दुर्मिळ आडनाव आहे आणि जी घरं आहेत ती जुन्या काळापासून मुख्यतः नॉटिंगहॅमशायर आणि शेजारच्या डर्बीशायरमध्ये एकवटलेली आहेत. आणि या आडनावाच्या पुरुषांचा डीएनए तपासला तेव्हा जे सापडलं ते मला आडनावांबद्दल वाचलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये सगळ्यात भारी वाटतं.

आधी अर्थ बघू. नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं एक गाव आहे. जुन्या इंग्लिशमध्ये ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदी केलेली जागा, गढी म्हणा हवं तर, आणि आड्डा किंवा एड्डी अशा नावाच्या कुणा माणसाची ती गढी, म्हणून हे गावाचं नाव. (हा बुर्ह, जर्मन गावांच्या शेवटी येणारा बुर्ग आणि आपला संस्कृत ‘बृहत्’ हे सगळे एकाच जुन्या मुळातून आलेत असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, मूळ अर्थ उंच. एवढ्या लांबच्या आडनावात आपल्या ओळखीचा शब्द निघावा याचा मला खरंच आनंद झाला.) दुसरी व्युत्पत्ती अशी की मध्ययुगीन इंग्लिशमध्ये ‘अ‍ॅटन’ किंवा ‘अ‍ॅट’ म्हणजे ‘त्या अमुक जागेपाशी राहणारा’, मग अ‍ॅटनबरो म्हणजे गढीपाशी राहणारा. या पद्धतीची आडनावं तिकडे बरीच आहेत, अ‍ॅटवुड म्हणजे रानापाशी राहणारा, आणि ज्यांच्या काळात आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ते पंतप्रधान अ‍ॅटली, त्यांचं आडनाव म्हणजे रानातल्या मोकळ्या माळापाशी राहणारा.

म्हणजे थोडक्यात आपलं ‘कर’. गावावरून आडनाव पडतं कसं, तर माणूस गाव सोडतो तेव्हा. मालवणात सगळेच मालवणचे, तिथे कुणाला मालवणकर म्हणून काय ओळखणार, तो मुंबईला आला, पुण्याला आला की मालवणकर होतो. इंग्लंडमध्येही हेच झालं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर आडनावांची पद्धत हळूहळू रुजायला लागली, आधी जमीनदारांमध्ये आणि मग साध्या लोकांमध्ये, आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांकडे बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव आलेलं होतं. सरासरी ७०० वर्षं धरली तर वीस-बावीस पिढ्या.

आता विज्ञानाकडे येऊ. पुरुषांमध्ये वाय नावाचं एक गुणसूत्र असतं आणि ते फक्त बापाकडून मुलाला मिळतं. बाकीच्या गुणसूत्रांचं काय होतं की प्रत्येक पिढीत आईकडचं आणि बापाकडचं एकमेकांत मिसळतं, पत्ते पिसल्यासारखं, त्यामुळे पाच-सहा पिढ्यांनंतर कुणाकडून काय आलं ते वेगळं काढणं अवघड होऊन बसतं. वायचा बहुतेक भाग असा पिसला जात नाही, तो जसाच्या तसा पुढे जातो, फक्त अधूनमधून एखादी छोटी चूक होते. या डीएनएमध्ये काही ठिकाणी चार-पाच अक्षरांचा तुकडा परत परत आलेला असतो, गाटा-गाटा-गाटा असा, कुणाकडे तो ११ वेळा असेल, कुणाकडे १४ वेळा. अशा बऱ्याच जागा मोजल्या की त्या वायचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो, आणि दोन माणसांचे ठसे जवळपास सारखे निघाले तर त्यांचा बापाकडचा कुणीतरी पूर्वज फार मागे न जाता एकच असणार.

आणि आडनावही तिकडे बापाकडूनच मुलाला मिळतं! म्हणजे एक गोष्ट रक्तातून जाते, दुसरी कागदावरून, पण दोघींची वाट एकच. मग एकाच आडनावाच्या पुरुषांचा वायही एकच असायला पाहिजे, नाही का?

हा प्रश्न नीट तपासला तो लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी. लेस्टर म्हणजे तेच, जिथे १९८४ मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं. आणि योगायोग बघा, रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक अ‍ॅटनबरो हे १९३२ ते १९५१ याच संस्थेचे प्राचार्य होते, तेव्हा ती युनिव्हर्सिटी कॉलेज होती, आणि ही मुलं तिच्याच आवारात वाढली. फ्रेडरिक यांचा जन्म नॉटिंगहॅमशायरमधल्या स्टेपलफर्डचा, जे अ‍ॅटनबरो गावापासून अगदी थोड्या अंतरावर आहे. म्हणजे एवढ्या शतकांनंतरही हे आडनाव आपल्या गावाच्या वेशीपासून फार लांब गेलेलं नव्हतं.

२००६ मध्ये किंग आणि जॉबलिंग यांनी आधी १५० जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीत आडनाव सारखं पण माहितीतलं काही नातं नाही असे दोन पुरुष, त्यात साधारण २४ टक्के जोड्यांमध्ये जवळच्या काळातला सामाईक पूर्वज असल्याच्या खुणा निघाल्या आणि आडनाव जितकं दुर्मिळ तितकी ती शक्यता जास्त. मग २००९ मध्ये मोठा अभ्यास आला, ४० ब्रिटिश आडनावं आणि १६७८ पुरुष. स्मिथ नावाच्या लोकांचं काय निघालं, तर काहीच नाही, रस्त्यावरचे कुठलेही दोन इंग्रज उचला आणि दोन स्मिथ उचला, फरक नाही, कारण स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगाव होते. आणि दुसऱ्या टोकाला होते अ‍ॅटनबरो. स्पेलिंग थोडं वेगळं असणारे धरून तपासलेल्या अ‍ॅटनबरोंपैकी तब्बल ८७ टक्के पुरुष एकाच वायच्या गटातले निघाले. सगळ्या ४० आडनावांत हा सगळ्यात मोठा आकडा, सरासरी ६२ टक्के होती.

हे वाचल्यावर पहिला विचार सगळ्यांच्या मनात एकच येतो की, बघा, कोणे एके काळी एक मूळपुरुष अ‍ॅटनबरो होता आणि ही सगळी त्याची लेकरं. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याच अभ्यासात लिहिलंय की असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि का काढता येत नाही हा खरा मजेशीर भाग आहे.

एक साधा हिशोब करून बघा. समजा दर पिढीला १०० मध्ये २ घरांत आडनाव एकाचं आणि वाय दुसऱ्याचा असं होतं. यात विवाहबाह्य संबंध येतात तसंच दत्तक येतं, सावत्र बापाचं नाव लावणं येतं, सासऱ्याच्या इस्टेटीसाठी बायकोकडचं आडनाव घेणं येतं, बरीच कारणं असतात. (लोक सर्रास दहात एक असं म्हणतात, पण लेस्टरच्या मंडळींच्या मते खरा आकडा पंचविसात एकापेक्षाही कमी असावा.) तर १०० मध्ये २ धरले तरी २० पिढ्यांनंतर मूळ वाय जेमतेम ६७ टक्क्यांकडे उरतो. मग ८७ कुठून आले?

आले ते बाकीच्यांचे वंश बुडाल्यामुळे. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकात प्रश्न पडला होता की इंग्लंडमधली नामवंत घराण्यांची आडनावं नाहीशी का होतायत, आणि १८७४ मध्ये त्याने हेन्री वॉटसन या गणितीबरोबर त्याचं गणित मांडलं. ते आजही अणुविखंडनापासून साथीच्या रोगांपर्यंत सगळीकडे वापरतात. गणित असं, समजा प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो, म्हणजे एकूण लोकसंख्या तेवढीच राहते. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एकच असं नव्हे, कुणाला तीन होतात, कुणाला एकही नाही, कुणाला सगळ्या मुलीच. हे निव्वळ योगायोगावर सोडलं तर एका माणसाने सुरू केलेलं आडनाव पहिल्याच पिढीत थांबायची शक्यता साधारण ३७ टक्के निघते, पाच पिढ्यांत ७३ टक्के आणि दहा पिढ्यांत ८४ टक्के. यात दुष्काळ नाही, लढाई नाही, रोगराई नाही, नुसतं मुलगा झाला की नाही एवढंच. आणि तिकडे तर १३४८ पासून प्लेगने माणसं नुसती कापून काढली.

म्हणजे अ‍ॅटनबरो गावातून शेकडो वर्षांपूर्वी कदाचित पाच-सात वेगवेगळे लोक बाहेर पडले असतील आणि सगळ्यांना शेजाऱ्यांनी तेच नाव दिलं असेल, आपल्या कर मंडळींसारखंच, जिथे एकाच गावावरून वेगवेगळ्या कुळांची, वेगवेगळ्या जातींची माणसं एकच आडनाव लावतात. पण बहुतेकांच्या रेषा कुठे ना कुठे थांबल्या, एखाद्या घरात मात्र मुलं जगली, त्यांनाही मुलगे झाले, आणि त्यातूनच आजचे बहुतेक अ‍ॅटनबरो आले. स्मिथसारख्या आडनावात सुरुवातच हजारो घरांपासून झाली त्यामुळे काही रेषा बुडाल्या तरी विविधता राहते, दुर्मिळ नावात ती झपाट्याने संपते. याला जनुकशास्त्रात जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. आणि मला सगळ्यात आश्चर्य याचं वाटलं की आडनाव गावावरून आलं की धंद्यावरून की टोपणनावावरून, याने वायच्या विविधतेत मोजता येण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. तेव्हा ८७ टक्क्यांचा एकसारखेपणा हा खरंतर हरवलेल्या घरांचा हिशोब आहे.

अशी दुर्मिळ नावं कधीकधी भलतंच काही सांभाळून ठेवतात. २००७ मध्ये याच गटाला पूर्व यॉर्कशायरमधल्या एका दुर्मिळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांमध्ये एक असा वाय सापडला जो तोपर्यंत जगात जेमतेम पंचवीस-एक लोकांमध्ये दिसला होता, आणि ते सगळे पश्चिम आफ्रिकी मुळाचे. हे सातजण दिसायला गोरे इंग्रज आणि घरात आफ्रिकेची काहीही आठवण नाही. कागदपत्रं लावून त्यांची घरं दोन वंशावळींत बसवली, दोन्ही १७८० च्या दशकात यॉर्कशायरमध्येच पोचतात. म्हणजे त्याच्याही आधी कधीतरी एक आफ्रिकी माणूस किंवा त्याचा वंशज तिथे राहत होता, संसार करत होता. चेहरा, रंग सगळं पिढ्यापिढ्यांत मिसळून गेलं पण वाय तसाच राहिला. ज्यांना रक्ताच्या शुद्धतेबद्दल बोलायची हौस असते त्यांनी हा अभ्यास एकदा जरूर वाचावा असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅटनबरो नाव मात्र आता मुलांवाचूनही पसरतंय. त्या गावाशेजारी पूर्वी वाळू-खडी काढून मोठे खड्डे पडले होते, त्यात पाणी साठलं, पक्षी यायला लागले आणि १९६६ मध्ये तिथल्या अभयारण्याचं उद्घाटन स्वतः डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी केलं, म्हणजे गावाचं नाव घेऊन बाहेर पडलेलं आडनाव परत गावात आलं. शिवाय कितीतरी प्राण्यांना, झाडांना त्यांचं नाव दिलंय. २०१८ मध्ये केरळच्या किनाऱ्यावरच्या एका सरड्याचं नाव ठेवलं सिताना अ‍ॅटनबरोई. हा आपल्या साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर गळ्याचा निळा-केशरी पंखा फुलवणाऱ्या सरड्यांचा भाऊबंद, आणि त्या चाळकेवाडीवाल्यांच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नाव चक्क ‘सरडा’ आहे, मराठीवरूनच घेतलेलं.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात सुटते आणि ती फार मोठी आहे. २० पिढ्या मागे गेलात तर आई-बाप, आजी-आजोबा असं दुप्पट करत पूर्वजांच्या १० लाख ४८ हजार जागा होतात. वाय आणि आडनाव त्यातल्या फक्त एका जागेबद्दल सांगतात. बायकांबद्दल तर काहीच नाही.

लेस्टरमध्येच २०१२ साली एका कार पार्कखाली सांगाडा सापडला, तिसऱ्या रिचर्ड राजाचा, १४८५ मध्ये लढाईत मारला गेलेला. डीएनएचं काम परत टुरी किंग यांच्याकडेच. राजघराण्याच्या बापाकडच्या रेषेतले पाच जिवंत वंशज शोधले, वंशावळी चोख, पण वाय एकाचाही जुळला नाही, मध्ये कुठेतरी रेषा तुटलेली. ओळख पटली ती दुसऱ्या डीएनएवरून, मायटोकाँड्रिया नावाच्या पेशीतल्या भागात जो असतो आणि जो फक्त आईकडून मिळतो. राजाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी असं करत आजच्या दोन माणसांपर्यंत पोचले आणि तो जुळला. ही रेषा शोधायला प्रचंड कष्ट पडले कारण प्रत्येक लग्नात आडनाव बदललेलं, दर पिढीला नवीन घर, नवीन कागद.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालंय. आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव नाही. हा लेख लिहिताना मी आईला फोन करून तिच्या आईकडची रेषा विचारली. आजीचं माहेरचं आडनाव तिने लगेच सांगितलं, पणजीचं थोडं आठवून सांगितलं, त्याच्या मागचं तिला माहीत नव्हतं.