मे महिन्याची अखेर आणि समुद्रावरची फेरी

सिंधुदुर्गात मे संपत आला की ज्या घरी मुंबईची माणसं उतरलेली असतात, तिथे एक संध्याकाळ समुद्रासाठी राखून ठेवलेली असते. ‘चला, समुद्रार जावया’ असं कुणीतरी म्हणतं आणि आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे वेंगुर्ला, मालवण, देवगड यांतला जवळचा किनारा गाठतात. आंब्याच्या पेट्या बांधून झालेल्या असतात आणि नैऋत्येला ढग जमू लागलेले असतात. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, हे या फेरीचं आजचं कारण. पण ही वेळ शाळांच्याही आधीपासून ठरलेली आहे, आणि ती ठरवली समुद्रानेच.

पूर्वी किनाऱ्यावरचा माणूस समुद्र बघायला म्हणून जात नसे. पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, ही कामाची जागा होती. होड्या ओढायच्या, जाळी विणायची, मासळी सुकवायची ती तिथेच. घरची सगळी माणसं एकत्र समुद्रावर जात ती तीर्थस्नानाला. कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावचे देव आजही पालखीतून समुद्रस्नानाला येतात. गोव्यात मेमध्ये खाऱ्या पाण्यात बुड्या मारल्या की सांधेदुखी आणि कातडीचे विकार बरे होतात, ही समजूत जुनी आहे. मडगावची सधन कुटुंबं उन्हाळ्यात हवापालटासाठी कोलव्याला मुक्कामाला जात. आपल्याकडची सहल या दोन्हींपेक्षा वेगळी. ती चाकरमान्यांमुळे रुजली, असं मला वाटतं.

मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कोकणातला पुरुष राबत होता, बायकामुलं बरेचदा गावी. गावी यायची मोठी सोय म्हणजे आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पुढे पणजीला जाई. बऱ्याच बंदरांत ती धक्क्याला लागत नसे. आत खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरत. ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं हातोहात खाली दिली जात. लाट थोडी जरी वाढली तरी हे काम जिवावरचं. म्हणूनच मेअखेर बोटी बंद होत आणि पाऊस ओसरल्यावर सुरू होत. ज्याची शेवटची बोट चुकली त्याला घाट चढून कोल्हापूरची वाट धरावी लागे. बोटीसाठी बंदरावर निघालेल्या माणसासोबत अख्खं घर किनाऱ्यापर्यंत यायचं. पोरांचे पाय पाण्यात भिजायचे ते त्या निमित्ताने.

पावसाळी समुद्राची धास्ती उगाच नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ही आठवण कोकणातल्या कित्येक घरांत अजून आहे.

मच्छीमारांचं वेळापत्रकही हेच सांगतं. जूनच्या तोंडावर होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, म्हणजे झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात लोटायच्या, ही जुनी रीत. आता यांत्रिक मासेमारीवर सरकारी बंदी असते आणि बरीच वर्षं तिची मुदत १ जून ते ३१ जुलै अशी राहिली आहे. हा माशांच्या विणीचा काळ असतो. त्यामुळे मेअखेरची फेरी म्हणजे हंगामातली शेवटची रापण बघायची संधी. होडी जाळं अर्धवर्तुळात टाकून येते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. बघ्यांपैकी कुणी दोराला हात लावला तर त्यालाही मूठभर मासळी मिळते. मुंबईच्या पोरांना त्या ओल्या, खरखरीत दोराने तळहात लाल झाल्याचं केवढं अप्रूप असतं! परतताना सुकट आणि सुके बोंबील घेतले जातात, पावसाळ्याच्या बेगमीसाठी.

आगबोटी पुढे बंद झाल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केलं होतं. गाडी बारमाही झाली, तरी जूनमध्ये तिलाही पावसाळी वेळापत्रक लागतं. समुद्र मात्र बारमाही झालेला नाही. पावसाळी लाटा पुळणीची वाळू खरवडून आत नेतात आणि उतार बदलतो. काल गुडघाभर असलेल्या पाण्यात आज खड्डा असतो, आणि परतणारा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत ओढतो. जूनमध्ये बुडाल्याच्या बातम्या येतात त्यांत बाहेरून आलेल्यांची नावं बरीच असतात. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, याचं फार वाईट वाटतं. ती वाळू पाऊस सरल्यावर हळूहळू परत येते. गावातली कुटुंबं मग दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा पाण्यात उतरतात.