पंखांच्या कापडाची शिडे: कमांडर जॉन रॉजर्स

सॅन फ्रान्सिस्को ते हावाई बेटांवरचे होनोलुलू हे अंतर सुमारे 3,860 किलोमीटर. 1925 साली अमेरिकी नौदलाने ते न थांबता उडून पार करायचे ठरवले, तेव्हा हाताशी असलेले सर्वांत लांब पल्ल्याचे विमान होते पीएन-9. ही उडती बोट होती. खाली ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूची नाव, वर एकावर एक असे कापडाने मढवलेले दोन पंख आणि पॅकार्डची दोन इंजिने. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या विमानाने 28 तास 35 मिनिटे हवेत राहून विक्रम केला होता. पण पूर्ण भार घेतलेल्या अवस्थेत ते ताशी जेमतेम 115 ते 120 किलोमीटर कापत असे. या वेगाने विक्रमाइतका वेळ उडत राहिले तरी अंतर भरते सुमारे 3,350 किलोमीटर. उरलेला पाचशेचा खड्डा भरून काढायचा होता ईशान्येकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांनी. वारा पाठीशी राहिला तर पोहोचू, नाही तर नाही, इतका हा हिशेब काठावरचा होता.

मोहिमेचे नेतृत्व कमांडर जॉन रॉजर्स यांच्याकडे होते. अमेरिकी नौदलाचे ते दुसऱ्या क्रमांकाचे वैमानिक. जन्म 1881चा, घराणे पिढ्यान्‌पिढ्या नौदलातले, आणि नौदल अकादमीतून ते 1903 साली बाहेर पडले. विमानात बसण्याआधीच ते हवेत गेले होते, तेही पतंगांवर. 1911च्या जानेवारीत ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर 11 मोठे पतंग एका दोरावर चढवण्यात आले आणि त्या दोराला टांगलेले रॉजर्स सुमारे 400 फूट उंचीवरून टेहळणी करत होते. जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालवले की पतंगांना हवा तेवढा वारा आपोआप मिळतो. उंची जितकी जास्त तितके क्षितिज लांब, आणि तोफखान्याला त्याचीच गरज होती.

त्याच वर्षी ते राइट बंधूंकडे डेटनला शिकायला गेले. पहिल्या क्रमांकाचे वैमानिक एलिसन मात्र राइट बंधूंचे प्रतिस्पर्धी विमाननिर्माते कर्टिस यांच्याकडे शिकले होते, आणि ही दोन घराणी वेगळी होती. राइटच्या विमानात तोल सांभाळायला अख्खा पंखच तरफेने पिळला जाई. कर्टिसच्या विमानात पंखांजवळ वेगळी झडप असे, ती वैमानिकाने खांदे झुकवले की हले, आणि सुकाणू चाकाने फिरे. त्यामुळे एका प्रकारात तरबेज झालेला माणूस दुसऱ्यात नवशिकाच ठरे.

पुढे रॉजर्स पाणबुड्यांकडे वळले. पहिल्या महायुद्धानंतर उत्तर समुद्रातले पाणसुरुंग काढण्याच्या कामाबद्दल त्यांना पदक मिळाले. नंतर ते पर्ल हार्बरच्या नौदल हवाई तळाचे प्रमुख झाले. ही वर्षे उड्डाणाच्या दृष्टीने वाया गेली असे म्हणता येणार नाही. वारा, प्रवाह आणि सूर्यताऱ्यांवरून जागा काढण्याचा जो सराव त्यांना झाला, तोच 1925 साली उपयोगी पडला.

31 ऑगस्टला सॅन पाब्लो उपसागरातून दोन पीएन-9 उडाली. तिसरे, वेगळ्या बनावटीचे विमान त्या दिवशी निघूच शकले नाही. दुसरे पीएन-9 तेलाचा दाब गेल्याने सुमारे 300 मैलांवर उतरले. रॉजर्सचे विमान पाच माणसांसह पुढे गेले. वाटेत साधारण 200 मैलांवर एक अशी जहाजे उभी होती, दिशा सांगायला आणि गरज पडल्यास पेट्रोल द्यायला. अपेक्षेइतका वारा मिळाला नाही, पेट्रोल संपत आले, म्हणून ‘अरूस्टुक’ जहाजाजवळ उतरायचे ठरले.

इथे रेडिओने दगा दिला. त्या काळी कड्यासारखी अँटेना फिरवत दिशा शोधत. आवाज सर्वांत क्षीण झाला की कड्याची सपाट बाजू संदेश पाठवणाऱ्याकडे असते. पण ती समोरची बाजू की बरोबर उलटी, हे एकट्या कड्यावरून कळत नाही. जहाज हलत असेल किंवा भोवती लोखंड असेल, तर आणखी काही अंशांची चूक पडते. ‘अरूस्टुक’कडून आलेली दिशा चुकीची होती. जहाज दिसलेच नाही. 25 तास 23 मिनिटांनी, सुमारे 2,963 किलोमीटर कापून, टाकी कोरडी झाली आणि बंद इंजिनांनिशी विमान खुल्या समुद्रावर उतरवावे लागले. ते धडपणे उतरले, यात वैमानिक कॉनेल यांचे कसब दिसते.

समुद्रावर आल्यावर ते मुकेच झाले. संदेश पाठवण्यासाठी लागणारी वीज वाऱ्यावर फिरणाऱ्या जनित्रातून येई, आणि विमान थांबले की जनित्रही थांबे. ऐकण्याचे यंत्र मात्र बॅटरीवर चाले. म्हणजे आपल्याला कुठे शोधत आहेत आणि ती जागा कशी चुकीची आहे हे ऐकू येत होते, सांगता काहीच येत नव्हते.

मग रॉजर्सनी विमानाची नाव केली. खालच्या पंखाचे कापड काढले आणि ते दोन पंखांच्या मध्ये ताणून शिडे उभारली. कापड निघाल्याने लाटांचा मारा बसायला खालच्या पंखावर मोठा पृष्ठभागही उरला नाही. पण नुसते शीड वारा नेईल तिकडेच नेते. आडवे सरकणे रोखायला पाण्यात उभी फळी लागते, म्हणून तळाच्या धातूच्या फळ्या काढून बाजूंना लावल्या. त्यानंतर वाऱ्याच्या रेषेपासून सुमारे 15 अंश वळता येऊ लागले. एवढ्याने होनोलुलू ज्यावर आहे ते ओआहू बेट गाठता येईना, ते बाजूला राहिले. रॉजर्सनी मग त्याच बेटांपैकी कौआईचा नेम धरला. अन्न लवकरच संपले, पाण्यासाठी पावसावर भिस्त होती. वेग दिवसाला जेमतेम 50 मैल. 10 सप्टेंबरला कौआईच्या नाविलीविली बंदरापासून थोड्याच अंतरावर आर-4 पाणबुडीने त्यांना पाहिले. शिडांवर सुमारे 450 मैल झाले होते आणि पाचही जण जिवंत होते. विमान ओढून बंदरात आणले गेले.

या बेपत्ता दिवसांतच, 3 सप्टेंबरला, नौदलाचे ‘शेनान्डोआ’ हे हलक्या वायूवर तरंगणारे हवाई जहाज वादळात तुटले. दोन्ही घटनांवरून लष्करातले बिली मिचेल यांनी वरिष्ठांवर जाहीर आरोप केले आणि त्यांच्यावर लष्करी खटला चालला. हावाईची मोहीम त्यामुळे वादाच्या गर्दीत सापडली. माझ्या मते तिचा तांत्रिक धडा त्यात झाकला गेला: विमान टिकाऊ होते, कमी पडले ते पल्ल्याचे गणित आणि दिशा शोधण्याची साधने.

रॉजर्स नंतर नौदलाच्या वैमानिकी विभागाचे उपप्रमुख झाले. 27 ऑगस्ट 1926 रोजी ते फिलाडेल्फियाच्या विमान कारखान्याकडे निघाले होते. उतरण्याच्या बेतात असताना विमानाने अचानक नाक खाली घातले आणि ते डेलावेअर नदीत कोसळले. इतक्या कमी उंचीवर विमान सावरायला हवेत जागाच नसते. त्याच दिवशी ते वारले. वय 45.

1927च्या मार्चमध्ये होनोलुलूच्या नव्या विमानतळाला त्यांचे नाव दिले गेले. जूनमध्ये लष्कराच्या मेटलंड आणि हेगनबर्गर यांनी फोकर विमानातून ओकलंड ते ओआहू हे अंतर 25 तास 50 मिनिटांत पार केले. वेळ जवळपास रॉजर्सइतकाच, वेग मात्र बराच जास्त. शिवाय या खेपेला वाट दाखवायला जमिनीवर रेडिओ संकेतकेंद्रे उभारलेली होती. ती अधूनमधूनच ऐकू आली, म्हणून हेगनबर्गर यांना ताऱ्यांवरूनही जागा काढत राहावे लागले.