आयडी कुणी मागायचा?
परमिट रूम, बार आणि वाईन शॉप चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दरवर्षी मार्च उजाडला की परवान्याच्या नूतनीकरणासाठी तुमची आणि आमची धावपळ सुरू होते. शुल्क, कागद, सह्या, सगळं वेळेत उरकतं. परवाना खरोखर धोक्यात आणणारी गोष्ट मात्र शनिवारी रात्री टेबल नंबर चारवर येऊन बसते.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे, व्हिस्की-रम-व्होडकासारख्या हार्ड ड्रिंकसाठी २५. पुण्यात ही अट फार टोचते, कारण आपलं गिऱ्हाईक कॉलेजचं आणि आयटीतलं. स्वतःच्या पगारातून बिल भरणारा तेवीस वर्षांचा इंजिनिअर व्हिस्की मागतो तेव्हाही त्याला नाहीच म्हणावं लागतं. त्याला ते पटत नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही ती अट जुनाट वाटते, पण परवाना घेताना आपण ती मान्य केलेली असते. आमचा सल्ला असा की दोन आकडे लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. दुकानात एकच आकडा ठेवा, २५.

गिऱ्हाईक १८ च्या आतलं असेल तर गोष्ट परवान्यापुरती राहत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात अपवाद डॉक्टरांच्या आदेशाचा आहे. ‘माझा मुलगा आहे, माझ्यासमोर घेतोय, तुम्हाला काय’ म्हणणाऱ्या वडिलांचा नाही.

१९ मे २०२४ ची पहाट आपण कुणी विसरलेलो नाही. कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी मित्रांबरोबर दोन ठिकाणी बसला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यातल्या एका ठिकाणचं बिल ४८ हजारांचं. नंतर अटका झाल्या, दोन्ही जागा सील झाल्या. त्या बिलाचा आकडा आम्ही वारंवार सांगतो, कारण ज्या टेबलाचं बिल मोठं, त्या टेबलाला वय विचारायला कुणाची जीभ रेटत नाही.

आता विचारायचं कुणी? बहुतेक ठिकाणी ते वेटरवर सोडलेलं असतं. तो बिचारा टिपवर जगणारा, पुष्कळदा स्वतःच विशी-बाविशीतला. आम्हाला माहीत असलेल्या एका परमिट रूममध्ये वेटरने आयडी मागितला, तर गिऱ्हाईकाने थेट मालकांना फोन लावला. मालक वेटरला म्हणाले, ‘आपल्या ओळखीचे आहेत, दे.’ त्या दिवसापासून तिथे कुणी कुणाला आयडी मागत नाही. म्हणून नियम मालकाच्या नावाने दारातच लावा, आणि तिशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या ऑर्डरच्या आधी विचारायची पद्धत पाडा. ‘सर, आयडी दाखवता का? सगळ्यांनाच विचारतो’ एवढं वाक्य पुरे. वाद झाला तर वेटरने बाजूला व्हायचं, कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, पुढे यायचं. आणि नाही म्हटल्यामुळे टिप बुडाली, तर त्या रात्री मालकांनी खिशात हात घालावा.

रात्री अकराला वजाबाकी चुकते. काउंटरमागे रोज एक पाटी बदला: दिवस-महिना आजचा, वर्षातून २५ वजा. जन्मतारीख त्याच दिवसाची किंवा आधीची असेल तर ऑर्डर घ्या.

ओळखपत्र हातात घेऊन बघा. मोबाइलमधला आधारचा फोटो कुणीही बदलू शकतो. डिजिलॉकर उघडून दाखवायला सांगा किंवा आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. काही जुन्या आधारवर फक्त जन्मवर्ष असतं, जुन्या मतदार ओळखपत्रावर अमुक तारखेचं वय असतं. त्यावर अडून न बसता दुसरं कार्ड मागा. पॅनवर फोटोच नसेल तर ते वय १८ च्या आत असताना काढलेलं असतं, त्यावर विसंबू नका. कॉलेजचं कार्ड चालत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स सगळ्यात सोयीचं, पण फोटोतला चेहरा समोरच्याचाच आहे ना, तेवढं पाहा. थोरल्या भावाचं लायसन्स हा पुण्यातला जुना खेळ आहे. झेरॉक्स काढून ठेवू नका, बघून परत द्या.

ग्रुपमध्ये एकाचाच आयडी बघून सहा ग्लास ठेवणं ही सर्रास होणारी चूक. ज्याच्यापुढे ग्लास, त्याचा आयडी. मॉकटेल मागवणाऱ्याच्या ग्लासातही पंधरा मिनिटांनी काय आहे, याकडे लक्ष असू द्या.

दारू पिण्याच्या एक दिवसाच्या परवान्याचंही तेच. परमिट रूममधलं ‘परमिट’ मुळात पिणाऱ्याचं आहे, पण पाच रुपयांची ती पावती डोळे झाकून फाडली जाते. पावती फाडताना वय बघितलं तर निम्मं काम तिथेच होतं.

वाईन शॉपवाल्यांना वेळ कमी, रांग मोठी. तिथे दोनच गोष्टी सांभाळा. ‘बाबांनी पाठवलंय’ म्हणणाऱ्या मुलाला रिकाम्या हाती परत पाठवा. आणि दुकानाबाहेर घुटमळणाऱ्या पोरांनी एखाद्या मोठ्या माणसाच्या हातात पैसे दिलेले दिसले, तर त्या माणसालाही बाटली देऊ नका.

दारात लावायची पाटी आणि काउंटरमागची तारखेची पाटी आमच्या ऑफिसात छापून ठेवली आहे. नूतनीकरणाची फाइल द्यायला याल तेव्हा घेऊन जा. वेगळे पैसे नाहीत.