वाइनची घरगुती साठवण

वाइनची घरगुती साठवण : बाटलीबंद वाइनचा रंग, गंध व चव टिकावी, निवडक वाइन सावकाश मुरावी, यासाठी घरात केलेली व्यवस्था. १०° ते १५° से. स्थिर तापमान, ६० ते ७० टक्के आर्द्रता आणि अंधार हे तिचे सर्वमान्य निकष होत. बाजारातील बहुतेक वाइन मात्र वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. ठेवून ती सुधारत नाही.

बाटली आडवी ठेवण्याची प्रथा केव्हा पडली याविषयी एकमत नाही. रोमन लोक कुंभाच्या तोंडाशी बूच बसवून ते राळेने बंद करीत. पुढे यूरोपात ही पद्धत बहुतांशी मागे पडली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्ट्यांतून जाड, मजबूत काच निघू लागली. तिचे श्रेय सामान्यतः इंग्लिश दरबारी सर केनेल्म डिग्बी (१६०३–६५) यांना देतात. तथापि काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास १६१५ मध्येच बंदी झालेली असल्याने इतर कारागीरही त्याच खटपटीत असणार, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या काळच्या फुगीर बाटल्या एकीवर एक आडव्या रचणे अवघड होते. नळकांड्याच्या आकाराची बाटली अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाली; आडवी साठवणही साधारण तेव्हाचीच असावी.

आडव्या बाटलीतील बूच वाइनने ओले राहते व आकसत नाही, अशी पारंपरिक उपपत्ती आहे. परंतु बंद बाटलीतील मोकळ्या जागेतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, त्यामुळे उभ्या बाटलीतही बुचाचे आतले टोक सहसा सुकत नाही. ऑस्ट्रेलियातील पाच वर्षांच्या प्रयोगात (प्रसिद्धी २००५) उभ्या-आडव्या बाटल्यांतील वाइनमध्ये फारसा फरक आढळला नाही. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधनात (२००६) बुचावाटे शिरणाऱ्या ऑक्सिजनच्या बाबतीतही तसेच दिसले. तरीही दीर्घकाळ ठेवायची बुचाची बाटली आडवी ठेवण्यात तोटा नाही. नाशिकच्या पुष्कळ वाइनला फिरकीचे झाकण असते. तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

उष्णतेने ऑक्सिडीकरणाचा वेग वाढतो, वाइन प्रसरण पावून बूच वर सरकते व पुढे गळती होते. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील वाइन मुद्दाम ४५° ते ५०° से. तापमानात महिनोन् महिने तापवतात, पण तो अपवाद होय. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात स्वयंपाकघरातील फडताळ किंवा फ्रिजचा माथा (तेथेच बाटली हमखास आढळते) ही सर्वांत वाईट ठिकाणे. वातानुकूलित कपाट नसेल तर काही महिन्यांपुरता साधा फ्रिज चालतो.

प्रकाशामुळे, विशेषतः जंबुपार किरणांमुळे, वाइनमधील रायबोफ्लेविन (ब२ जीवनसत्त्व) उद्दीपित होऊन दुर्गंधी गंधकयुक्त संयुगे तयार होतात. पारदर्शक बाटलीतील पांढरी वाइन व शँपेन यांना हा धोका अधिक. कंपनांनी वाइन बिघडते, या समजुतीला आधार तोकडा आहे.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास साधारणतः तीन ते पाच दिवस टिकते. पोर्टसारखी मद्यार्क मिसळलेली वाइन त्याहून अधिक.