ग्नुटेला

ग्नुटेला हे मार्च २००० मध्ये आलेले फाइल-वाटपाचे पीअर-टू-पीअर, म्हणजे लोकांचे संगणक थेट एकमेकांना जोडणारे सॉफ्टवेअर. त्याच्या प्रोटोकॉलला, म्हणजे संगणकांनी आपसांत बोलण्याच्या नियमांना, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या जाळ्यालाही हेच नाव आहे. १९९९ मधल्या नॅपस्टर या गाणी-वाटपाच्या सेवेत गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असे. ग्नुटेलाने ती यादीच काढून टाकली. बंद पाडता येईल असा मधला सर्व्हर उरलाच नाही, आणि ग्नुटेलाचे खरे वेगळेपण यातच आहे.

विनअँप हा प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्टमधल्या जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी ते लिहिले. नाव जुळवले ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आणि पावाला लावायचे नुटेला यांवरून. १४ मार्चला ते कंपनीच्या साइटवर आले आणि दुसऱ्याच दिवशी काढून घेतले गेले. नलसॉफ्ट तेव्हा एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या मालकीची होती. एओएल आणि टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी एकत्र येणार हे जानेवारीत जाहीर झाले होते, आणि टाइम वॉर्नरकडे स्वतःची मोठी संगीत कंपनी होती. ग्नुटेला काढून घेईपर्यंत हजारो लोकांनी प्रोग्रॅम उतरवून घेतला होता. सोर्स कोड खुला झालेला नव्हता, तरी बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी संगणकांमध्ये ये-जा करणारे संदेश तपासून प्रोटोकॉल उकलला आणि आपापले प्रोग्रॅम लिहिले. निर्मात्यांचा हात सुटल्यावरच ग्नुटेला वाढले.

शोध चालायचा असा. तुमचा संगणक चार शेजाऱ्यांना जोडलेला आहे असे धरू. तुम्ही गाण्याचे नाव टाइप केले की प्रश्न त्या चौघांकडे जातो. प्रत्येक जण आपले फोल्डर पाहतो आणि प्रश्न आपल्या उरलेल्या तिघांकडे पुढे ढकलतो. प्रश्नाबरोबर एक आकडा असतो, सहसा ७. दर टप्प्याला तो एकाने उतरतो आणि शून्यावर आला की प्रश्न तिथेच थांबतो. या हिशेबाने एक प्रश्न ४,३७२ संगणकांपर्यंत पोचू शकतो. उत्तर आल्या वाटेनेच परत येते, कारण प्रश्न कोणाकडून आला हे प्रत्येकाने टिपून ठेवलेले असते. फाइल मात्र थेट तिच्या मालकाकडून, वेबसारखीच एचटीटीपीने उतरते. म्हणजे शोधणाऱ्याचा पत्ता प्रश्नातून कळत नसे, पण फाइल घेताना दोघांचेही आयपी पत्ते एकमेकांना उघड होत.

हवी ती फाइल आठव्या टप्प्यावर असेल तर ती सापडतच नसे. नव्या संगणकाला पहिला शेजारी शोधण्यासाठी आधीच माहीत असलेला एखादा पत्ता लागे. त्यासाठी पत्ते सांगणारे संगणक चालवावे लागले, म्हणजे थोडेसे केंद्र शिल्लक होतेच. मोठी अडचण गर्दीची होती. दुसऱ्यांचे प्रश्न पुढे ढकलण्यातच ५६ केबीपीएस मोडेमची लाइन भरून जाई. त्यात घेणारे पुष्कळ आणि देणारे थोडे. एटन अडार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी २००० मध्ये केलेल्या मोजणीत जवळपास ७० टक्के वापरकर्ते एकही फाइल देत नव्हते, तर निम्म्याच्या आसपास उत्तरे वरच्या १ टक्का संगणकांकडून येत होती. सगळे सारखे, या गृहीतकावर उभ्या राहिलेल्या जाळ्यात ओझे मूठभरांच्या खांद्यावर होते. ग्नुटेलाच्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते.

पुढे रचनाच बदलली. वेगवान लाइन असलेले संगणक ‘अल्ट्रापीअर’ झाले आणि मंद संगणक त्यांच्या आधाराने ‘पान’ म्हणून राहू लागले; शोधाचा भार अल्ट्रापीअरांनी उचलला. फाइलची ओळख नावाऐवजी तिच्या हॅशवरून, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यावरून, पटू लागली, त्यामुळे एकाच फाइलचे तुकडे अनेकांकडून एकाच वेळी घेता येऊ लागले.

बेअरशेअर आणि जावात लिहिलेले लाइमवायर हे या जाळ्यावरचे गाजलेले प्रोग्रॅम. २६ ऑक्टोबर २०१० रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश किंबा वुड यांनी लाइमवायरच्या फाइल-वाटपावर मनाई केली. २०११ मध्ये कंपनीने संगीत कंपन्यांशी १०.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. तो आदेश एका कंपनीला लागू होता. जीटीके-ग्नुटेलासारख्या खुल्या प्रोग्रॅमांचे वापरकर्ते त्यानंतरही एकमेकांना जोडलेलेच राहिले.